उन्हाळ्यांतील ऊन व हिवाळ्यांतील हिम

फाल्गुन उतरणीस लागला कीं वर्तमानपत्राच्या एकाच पानावर दोन छायाचित्रें शेजारीं शेजारीं छापून येतात. एकांत गुलमर्गच्या उतारावर गुडघाभर हिमांत उभी राहून हंसणारी प्रवासी मंडळी असते. दुसऱ्यांत सोलापूरच्या नव्या पेठेंत भर दुपारीं डोक्यावरून पदर ओढून घेतलेल्या दोन स्त्रिया रसवंतीच्या दारांत उभ्या असतात. तारीख एकच, देश एकच. वाचणारा म्हणतो, "केवढा हा आपला देश!" आणि पान उलटतो. परंतु हीं चित्रें नुसतीं पाहून सोडून देण्यासारखीं नाहींत. त्यांतील ऊन आणि त्यांतील हिम ह्यांचा परस्परांशीं, व आपल्या घरादाराशीं, जो संबंध आहे तो थोडा तपासून पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसाची ही खोड निवृत्तीनंतरही जात नाहीं. उन्हाळा म्हणजे उष्णकाल. पावसाळ्यांतील पाऊस हा संस्कृतांतील 'प्रावृष्'. आणि हिवाळा म्हणजे हिमकाल. महाराष्ट्रांत कोठेंही हिम पडत नाहीं, बापजाद्यांनीं तें पाहिलेलें नाहीं, तरी थंडीच्या ऋतूला आपण आजही हिमाचेंच नांव देतों! तें हिम आपल्या बोलींत आणखी एका ठिकाणीं उरलें आहे, आणि तें म्हणजे आजारपण. अंगांत हिंव भरतें, हिंवताप येतो. वर्ष मोजण्याच्या शब्दांचीही अशीच मौज आहे. वेदकालीन लोक आयुष्याची गणना शरदांनीं करीत, तशी हिमांनींही करीत. पुढें पावसावरून पडलेला 'वर्ष' हा शब्द रूढ झाला. ज्या गोष्टीची माणसाला सर्वांत अधिक धास्ती किंवा प्रतीक्षा, तिच्यावरून तो वर्ष मोजतो. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आर्यांचें मूलस्थान थेट उत्तर ध्रुवाजवळ नेलें. आजचे संशोधक तें मत मानीत नाहींत, पण आपल्या पूर्वजांच्या स्मृतींत हिम होतें एवढें मानावयास ध्रुवापर्यंत जाण्याची गरजही नाहीं. सिंधूच्या उगमाकडील डोंगर पुरेसे आहेत.

आतां उन्हाकडे वळूं. "काल सोलापूरचा पारा ४३ अंशांवर" असें जें छापून येतें, तें तापमान रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचें नव्हे. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लांकडी पेटींत, जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर टांगलेला असतो. ऊन त्याला लागत नाहीं, वारा मात्र लागतो. म्हणजे ४३ अंश हें सावलींतील हवेचें मान झालें. त्याच वेळीं डांबरी सडक व पत्र्याचें छप्पर साठाच्या घरांत गेलेलें असतें. (ह्या लेखांत सर्वत्र सेल्सिअसचे अंश समजावे.) अंकाचा हा मर्यादित अर्थ ध्यानांत ठेवला नाहीं, तर गांवांगांवांची तुलना नुसती शर्यत होऊन बसते, आणि ती शर्यत आमचे लोक मोठ्या हौसेनें लावतात. चंद्रपूरला ४७ झाले, अकोल्याला ४५, मग आमच्या सोलापुरानें काय पाप केलें!

चंद्रपूर सोलापूरपेक्षां अधिक तापतें, ह्याला कारणें आहेत. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारें ४६० मीटर उंच, चंद्रपूर १९० च्या आसपास. दर हजार मीटर उंचीस हवा साधारण साडेसहा अंशांनीं थंड होते, ह्या हिशेबानें येथेंच पावणेदोन अंशांचा फरक पडला. शिवाय चंद्रपूर समुद्रापासून अधिक दूर. आणि तिसरें कारण सूर्याचें. सोलापूर १७ अंश ४० कलांच्या अक्षांशावर असल्यामुळें मे महिन्याच्या १० किंवा ११ तारखेस सूर्य मध्यान्हीं बरोबर आपल्या डोक्यावर येतो. अंगणांत उभ्या केलेल्या काठीची सावली बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनीं काठीच्या पायाशींच लोपते. चंद्रपुरावर तो २० मेच्या सुमारास येतो. तोंपर्यंत आमच्याकडे वळवाचे ढग जमूं लागलेले असतात, पश्चिमेचा वारा सायंकाळीं थोडा ओलावा घेऊन येतो. विदर्भांत मात्र ह्यानंतर रोहिणी नक्षत्राचा नवतपा लागावयाचा असतो. सोलापूरच्या सभोंवारची काळी जमीन शाळू काढल्यानंतर उघडी पडते, आणि काळी वस्तु ऊन किती पिते हें काळी छत्री वापरणारास सांगावयास नको.

हिमाला उलट तीन गोष्टी लागतात: उंची, उत्तरेकडील अक्षांश आणि हवेंत बाष्प. पहिल्या दोहोंपैकीं एक अतोनात असेल तर दुसरीवांचून चालतें. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटावर मौना केआ नांवाचा पर्वत आहे. त्याचा अक्षांश जवळजवळ चंद्रपूरचाच. पण उंची ४२०० मीटर असल्यामुळें तेथें हिवाळ्यांत हिम पडतें, आणि त्याच्या नांवाचा अर्थही 'पांढरा पर्वत' असाच आहे. आपलें कळसूबाई १६४६ मीटरांचें. त्याच्या अडीच-तीनपट उंच शिखर सह्याद्रींत असतें, तर मराठी कवींना हिमाचीं वर्णनें संस्कृतांतून उसनीं आणावीं लागलीं नसतीं!

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. दर एक-दोन वर्षांनीं पौषांत बातमी येते कीं महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं 'बर्फ पडलें'. तें पडलेलें नसतें, तेथेंच झालेलें असतें. निरभ्र रात्रीं जमीन व गवत आपली उष्णता आकाशांत टाकून हवेहूनही अधिक गार होतात. हवा चार-पांच अंशांवर असतांना गवताचें पातें शून्यावर जातें, आणि त्यावरील दंव गोठतें. हिम ढगांत तयार होऊन खालीं येतें. आपण दोघांनाही फारसींतून आलेल्या 'बर्फ' ह्या एकाच शब्दांत कोंबतों, म्हणून हा घोंटाळा. सोलापूर जिल्ह्याला पांढरी जमीन पाहावयास मिळते ती गारांनीं, आणि ती कोणी पाहूं इच्छीत नाहीं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें महाराष्ट्रावर जी प्रदीर्घ गारपीट झाली, तींत आमच्याकडील द्राक्षांच्या व डाळिंबांच्या बागा झोडपून निघाल्या.

भूगोल शिकवितांना मुलांस शहरें एकेकटीं शिकवूं नयेत, जोडीनें शिकवावींत, असें माझें मत आहे. महाबळेश्वर आणि सोलापूर ही एक जोडी. दोघांचा अक्षांश जवळजवळ एकच. मध्यें सरळ रेषेंत सुमारें २४० किलोमीटर. पण महाबळेश्वराला वर्षाकांठीं साडेपांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि सोलापूरला सहाशे-सातशे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रि चढतांना रिकामे होतात, आणि उतरून आमच्याकडे येतांना त्यांची झोळी जवळजवळ फाटकी असते. दुसरी जोडी श्रीनगर आणि लेह. ह्यांचाही अक्षांश एकच, ३४. श्रीनगरच्या खोऱ्यांत भूमध्य समुद्राकडून येणारीं पश्चिमेचीं वादळें हिम ओततात. परंतु मधली हिमालयाची मुख्य रांग ओलांडून लेहला पोंचेपर्यंत त्यांचीही झोळी रिती होते. लेहची उंची साडेतीन हजार मीटर, थंडी उणे वीसच्या खालीं जाणारी, आणि तरी पाऊस व हिम मिळून वर्षाची वृष्टि शंभर मिलिमीटरांच्या आसपास! पुष्कळांची समजूत अशी कीं जेवढी थंडी अधिक तेवढें हिम अधिक. लेह पाहून आलेला मनुष्य सांगेल कीं तेथें थंडी आहे, धूळ आहे, निळेंभोर आकाश आहे. हिमाचे ढीग पाहावयाचे तर गुलमर्गास जावें. सोलापूर सह्याद्रीच्या पाठीशीं बसलें आहे, तसें लेह हिमालयाच्या पाठीशीं बसलें आहे. एक भाजतें, दुसरें गोठतें. पण पर्जन्याच्या बाबतींत दोघें सख्खे भाऊ.

ह्या भावांतील साम्याचा एक विलक्षण पुरावा त्यांच्या घरांत सांपडतो. लेहचें जुनें घर म्हणजे जाड, मातीच्या कच्च्या विटांच्या भिंती. वर पॉपलरच्या लांकडाच्या तुळया, त्यावर वाळुंजाच्या काटक्यांचा थर, आणि त्यावर मातीचें सपाट छप्पर. सोलापूर, मराठवाडा भागांतील ज्यांनीं माळवद पाहिलें आहे त्यांना हें वर्णन ओळखीचें वाटेल. भिंती दगडमातीच्या, दोन-तीन हात रुंद. तुळयांवर लांकडी फळ्या किंवा काटक्या. त्यावर पांढऱ्या मातीचा हात-दीड हात जाडीचा थर. मधोमध उजेडासाठीं सवणें. लेहमध्यें छपरावर जनावरांचा चारा व जळण रचतात. आमच्याकडे माळवदावर कडबा, शेंगा, मिरच्या, आणि चैत्र-वैशाखांत पापड-सांडगे. उणे वीस अंशांचें गांव आणि अधिक त्रेचाळीस अंशांचें गांव एकाच तऱ्हेचें घर बांधतें, हें कसें? कारण माती पक्षपात करीत नाहीं. ती उष्णता सावकाश घेते व सावकाश सोडते. मग बाहेर ऊन असो वा थंडी असो. दुपारचें ऊन जाड धाब्यांतून आंत पोंचेपर्यंत रात्र होते, आणि तोंवर घरांतील मंडळी वर माळवदावर जाऊन झोपलेलीं असतात. छपराचा आकार ठरवितें तें तापमान नव्हे, तर वरून पडणारें पाणी. कोंकणांतील घर उतरत्या कौलांचें आणि श्रीनगरचेंही उतरत्या छपराचें. एकावरून पाऊस ओघळावा, दुसऱ्यावरून हिम घसरावें म्हणून.

श्रीनगरच्या जुन्या घरांच्या छपरांत मातीखालीं भूर्जपत्रांचे थर घालीत, म्हणजे पाणी आंत उतरत नसे. ज्या भूर्जपत्रांवर काश्मिरी पंडितांनीं शारदा लिपींत ग्रंथ लिहिले, त्याच सालींनीं त्यांच्या डोक्यावरचें हिमही अडविलें! काश्मीर व आपला हा कोरडा मुलूख ह्यांचा संबंध जोडणारा मनुष्यही एक पंडितच होता. कवि बिल्हण हा श्रीनगरजवळच्या खोनमुष गांवचा. अकराव्या शतकांत तो घर सोडून निघाला, मथुरा, काशी करीत दक्षिणेंत उतरला, आणि कल्याणीच्या चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य ह्याच्या दरबारीं विद्यापति झाला. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण, सोलापुराहून सुमारें शंभर-सवाशें किलोमीटर. त्याच्या 'विक्रमाङ्कदेवचरित' काव्याची हस्तलिखित प्रत १८७४ सालीं जेसलमेरास डॉ. ब्यूलर ह्यांना मिळाली. त्यांत राजाचें चरित्र सांगून झाल्यावर शेवटच्या सर्गांत कवि आपल्या काश्मीरकडे वळतो, आणि गांवच्या केशराची व द्राक्षांची आठवण काढतो. द्राक्षें आज आमच्या जिल्ह्यांतही पिकतात. केशर मात्र पिकलें नाहीं. मानाचें पद, राजाश्रय सर्व कांहीं मिळूनही त्या वृद्ध कवीला वैशाखांतल्या दुपारीं काय वाटत असेल, ह्याची कल्पना सोलापूरकरास करून पाहतां येते.

थंडीला काश्मिरी मनुष्य जो मान देतो तो पाहण्यासारखा आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलां', म्हणजे मोठी थंडी. पुढें वीस दिवस 'चिल्लई खुर्द', धाकटी. आणि शेवटचे दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. सत्तर दिवसांचा हा हिशेब घरांतील म्हातारीपासून मुलापर्यंत सर्वांस पाठ असतो. तिची तयारी भाद्रपद-आश्विनांतच सुरू होते. वांगीं, दुध्या, टोमॅटो कापून, दोऱ्यांत ओंवून उन्हांत वाळत घालतात. त्या वाळल्या भाजीला 'होख स्युन' म्हणतात. रस्ते बंद झाले, ताजी भाजी मिळेनाशी झाली, कीं हीच शिजवावयाची. आमच्या घरांतील वाळवण ह्याच जातीचें, फक्त ऋतु उलटा. तेथें येणाऱ्या हिमासाठीं ऊन सांठवितात, येथें येणाऱ्या पावसासाठीं. अंगांत पायघोळ फिरन, आणि त्याच्या आंत वेताच्या टोपलींत बसविलेली निखाऱ्यांची कांगडी. आमच्या सोलापूरच्या पौषांत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेंत, एक सोलापुरी चादर अंगावर घेतली कीं थंडी संपली. लडाखमध्यें गोठलेल्या झांस्कर नदीच्या पृष्ठभागावरून जी वाट जाते तिलाही 'चादर' म्हणतात. एकच शब्द कोठें पांघरतात आणि कोठें त्यावरून चालतात!

हिमालयांतील हिम हा आपल्याला केवळ चित्रांत पाहण्याचा विषय आहे असें वाटत असेल, तर १८७६-७८ चा दुष्काळ आठवावा. त्यांत सोलापूर जिल्हा होरपळला, आणि पाऊस अगोदर सांगतां येईल काय हा प्रश्न सरकारपुढें उभा राहिला. हवामान खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड ह्यांनीं १८८४ सालीं असें दाखविलें कीं ज्या वर्षीं हिमालयावर हिम फार पडून उशिरापर्यंत टिकतें, त्या वर्षीं पुष्कळदां मोसमी पाऊस कमी होतो. उपपत्ति सोपी आहे. वसंतांतलें ऊन हिम वितळविण्यांतच खर्ची पडतें, भूमि तापत नाहीं, आणि भूमि तापली नाहीं तर समुद्रावरचा ओला वारा तिच्याकडे कशाला धांवेल? ह्याच आधारावर लवकरच आपल्या देशांत पावसाचीं वार्षिक भाकितें सुरू झालीं. हा संबंध दर वर्षीं नेमका जुळत नाहीं असें पुढील संशोधनांत आढळून आलें, आणि आजचीं भाकितें इतर अनेक गोष्टींवर उभीं आहेत. तरीही जें ऊन आम्ही वैशाखांत शिव्याशापांनीं सोसतों, तेंच मृगाचा पाऊस ओढून आणतें, एवढें त्यांतून निश्चित उरतें. अलीकडे मात्र दोन्ही टोंकें हललीं आहेत. २०२४ च्या जानेवारींत, ऐन चिल्लई कलांमध्यें, गुलमर्गचे उतार उघडेबोडके पडले होते, आणि २०२५ च्या जुलैंत श्रीनगरचा पारा ३७ अंशांच्या वर गेला.

सदतीस! सोलापूरकर हंसेल. पण हंसण्यापूर्वीं आयुर्वेदाचें एक जुनें तत्त्व त्यानें ध्यानांत घ्यावें. आपल्या वैद्यांनीं भूमीचे तीन प्रकार केले: जांगल, आनूप व साधारण. जांगल म्हणजे कोरडी, विरळ झाडांची, उघड्या आकाशाची. आनूप म्हणजे पाणथळ व दाट झाडीची. साधारण म्हणजे दोहोंच्या मधली. रोग्याला औषध देण्यापूर्वीं तो कोणत्या देशांतला हें पाहावें, असा त्यांचा दंडक. सोलापूर हें जांगल देशाचें उदाहरण, रत्नागिरी आनूपाचें. कोंकणांतून सून आली कीं पहिल्या उन्हाळ्यांत ती म्हणते, "इथं घामच येत नाही!" घाम येतो, पण कोरडी हवा तो अंगावर दिसूं देण्यापूर्वींच पिऊन टाकते. पाण्याचें बाष्प होतांना तें उष्णता घेऊन जातें. म्हणून माठांतलें पाणी आमच्याकडे गार होतें आणि वाळ्याचा पडदा खोली निववितो. त्याच माठाला रत्नागिरींत फारसा गुण येत नाहीं, कारण तेथील हवा आधींच पाण्यानें तृप्त असते. सुनेच्या माहेरीं ३४ अंशांत जीव गुदमरतो. सोलापुरांत ४२ अंशांत जीव गुदमरत नाहीं, आणि धोका नेमका ह्यांत आहे. शरीर आंतून वाळत असतां तहानेखेरीज कसलीही सूचना मिळत नाहीं, आणि म्हाताऱ्या माणसाची तहानही मंदावलेली असते.

आंकडा कमी म्हणून ऊन सौम्य, असें समजण्याची किंमत महाराष्ट्रानें मोजलेली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजीं नव्या मुंबईंत खारघर येथें उघड्या मैदानावर एक मोठा सरकारी समारंभ झाला. लाखों लोक भर उन्हांत तासन् तास बसले. पारा ३८ च्या आसपास होता. उष्माघातानें १४ जण दगावले. खाडीकांठच्या दमट हवेंतील अडतीस हे सोलापूरच्या अडतीसांहून निराळे, हें त्या दिवशीं कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. आणि फ्रान्सची गोष्ट तर जगाच्या स्मरणांत आहे. २००३ च्या ऑगस्टमध्यें पॅरिसचा पारा ३९-४० वर गेला, आणि त्या देशांत त्या लाटेंत सुमारें पंधरा हजार माणसें अधिक मेलीं. बहुतेक वृद्ध होतीं, वरच्या मजल्यावर एकटीं राहणारीं. घरें बांधलीं होतीं हिवाळ्यासाठीं, आंतील ऊब बाहेर जाऊं न देण्यासाठीं. पत्र्याच्या छपराखालीं तीच भट्टी झाली. शिवाय ऑगस्ट हा तेथें सुट्ट्यांचा महिना. पुष्कळ मुलें-नातवंडें समुद्रकांठीं गेलेलीं. दुपारीं "आजी, पाणी प्यालीस का?" असें विचारणारें घरांत कोणी असणें हें किती मोठें औषध आहे, तें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको. मात्र आपल्याच घरांत त्या वेळीं स्वयंपाकघरांत कोण असतें, हेंही विचारलें पाहिजे. बाहेर त्रेचाळीस, चुलीपुढें त्याहून अधिक, आणि पुरुषमंडळींच्या जेवणाची वेळ साडेबाराची! वेधशाळेची पेटी स्वयंपाकघरांत ठेवली, तर सोलापूर चंद्रपुरास सहज मागें टाकील.

हिम दिसतें, म्हणून त्याच्यासाठीं नियम होतात. माझा एक विद्यार्थी कॅनडांत असतो. तो लिहितो कीं त्याच्या शहरीं घरासमोरच्या पायवाटेवरील हिम ठराविक तासांत काढलें नाहीं तर दंड होतो. उन्हासाठीं असे नियम करतां येत नाहींत काय? येतात. संयुक्त अरब अमिरातींत १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारीं साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यास बंदी आहे. अहमदाबादेस २०१० च्या मे महिन्यांतील लाटेनें हजारांवर अधिक माणसें गेलीं. तेव्हां त्या नगरानें २०१३ सालीं उष्णतेचा सामना करण्याची रीतसर योजना आंखली, आणि मग इतर शहरांनीं तिचा कित्ता गिरविला. आपलें हवामान खातेंही प्रदेशभेद मानतें. उष्णतेची लाट म्हणावयास मैदानी प्रदेशांत किमान ४०, समुद्रकांठीं ३७ आणि डोंगराळ मुलखांत ३० अंश लागतात, शिवाय पारा नेहमीपेक्षां साडेचार अंश तरी वर गेलेला असावा लागतो. चरकाचा दंडक नव्या वेषांत परत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

राहतां राहिलें घर. माळवदांची मीं वर स्तुति केली. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस जें घडलें तें विसरून ती स्तुति करतां येणार नाहीं. भूकंपानें लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील आठ-दहा हजार माणसें मारलीं, असें आपण म्हणतों. खरोखर त्यांतील कित्येकांना त्या दीड हात मातीनें आणि सैल दगडांच्या भिंतींनीं मारलें. धक्का सोलापुरांतही जाणवला. त्यानंतर आमच्याकडे जो तो माळवद उतरवून स्लॅब टाकूं लागला. हें समजण्यासारखें आहे. शिवाय माळवदाला दर वर्षीं मृगापूर्वीं माती घालावी लागे, गवत उपटावें लागे, पावसानें झोड धरली कीं घरभर भांडीं मांडावीं लागत. पण स्लॅब चार-पांच इंचांची. दुपारचें ऊन ती संध्याकाळीं सहा-सातालाच आंत सोडूं लागते, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत सोडीत राहते. रात्रीं वर झोपावयाचें तर गच्चीवर पाण्याच्या टाक्या, तारा आणि शेजारच्या चार मजल्यांच्या खिडक्या. लेहमध्यें सुद्धां सिमेंटचीं घरें वाढलीं आहेत, आणि तेथील वृद्ध मंडळी तीं थंड पडतात म्हणून कुरकुरतात. दोन्ही भावांनीं एकाच वेळीं बापाचें घर मोडलें!

जुन्या जड धाब्याकडे परत जा, असें मी कोणास सांगणार नाहीं. पण स्लॅब आहे तशी उघडी ठेवण्याचेंही कारण नाहीं. पांढरी वस्तु ऊन परतविते. गच्चीवर चुन्याचे दोन-तीन हात दिले तर खालच्या खोलींत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. फुटक्या पांढऱ्या फरशांच्या कपच्या बसविल्या तर खर्च अधिक, पण काम कायमचें होतें. पश्चिमेच्या भिंतीशीं कडुनिंब असेल तर तो तोडूं नये, मग त्याचीं पानें नळींत कितीही अडकोत. फाल्गुनापासून मृगापर्यंत स्वयंपाक सकाळीं नऊच्या आंत उरकावा, आणि दुपारीं भाकरी गार खावी. सोबत शेंगांची चटणी, कांदा व ताक असतां कोणाची तक्रार येत नाहीं. आमच्या घरीं चारएक वर्षें हा परिपाठ आहे. चुना होळीच्या आंत लावावा, म्हणजे ऊन चढण्यापूर्वीं तो धरतो. मृगाच्या पहिल्या दोन सरींनीं तो निम्मा धुऊन जातो, आणि पुढील वर्षीं पुन्हां द्यावा लागतो. माळवदाला माती घालावी लागे, तसाच.